ब्रेकच्या पाइपाला नळाची टेप?

कन्नडचा घाट आपण झोपेतही उतरू, अशी फुशारकी आम्ही चाळीसगावची माणसं मारतो. मीही मारायचो. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात संभाजीनगरहून परत येताना निम्म्या घाटात ब्रेक दाबला आणि पेडल लोण्यात सुरी जावी तसं खाली गेलं. पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे एसटी. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक थोडा थोडा ओढला आणि कशीबशी कडेला घेतली. बायको काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

त्याआधी चारच दिवस डाव्या पुढच्या चाकाचा कॅलिपर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने पॅड डिस्कवर आवळणारा भाग, बदलला होता. आतला पिस्टन गंजून जाम झालेला. गाडी डावीकडे ओढायची, ते चाक हात लावू देत नव्हतं इतकं तापायचं आणि जळका वास यायचा. ज्या गॅरेजला टाकली त्याचं नाव घेत नाही, कारण चूक त्याची एकट्याची नव्हती. त्यावर येतोच.

खाली उतरून चाकाच्या मागे डोकावलो. कॅलिपर ब्रेक ऑइलने ओला आणि त्याला ऑइल आणणाऱ्या रबरी नळीच्या, म्हणजे होजच्या, बोल्टपाशी पांढरी टेप लोंबत होती. आपण नळाला गुंडाळतो तीच टेफ्लॉन टेप!

दुसऱ्या दिवशी एका जुन्या मिस्त्रीला घरी बोलावलं. त्याने बोल्ट काढून माझ्यासमोर धरला. "भाऊ, हाऊ काय नळ शे का?" मग समजावलं. या बोल्टला आतून भोक असतं, त्यातूनच ऑइल जातं. होजच्या टोकाला एक कडी असते, तिच्यातून हा बोल्ट कॅलिपरमध्ये बसतो. गळती थांबवायचं काम आट्यांचं नाहीच. ते काम तांब्याच्या दोन वायसरांचं. एक बोल्टच्या डोक्याखाली, दुसरा कडी आणि कॅलिपरच्या मध्ये. घट्ट करताना मऊ तांबं दबतं आणि पृष्ठभागाच्या बारीक खाचांत बसतं. आट्यांना टेप गुंडाळून काही साधत नाही. उलट तिचा तुकडा आत सुटला तर ऑइलची वाटच अडवायचा.

दाबाचा हिशोब मी नंतर मांडला. दहा मीटर उंच टाकीतलं पाणी तळाच्या नळाला साधारण 1 बार दाब देतं. जोरात ब्रेक दाबला की त्या पाइपात 70 बार किंवा त्याहूनही जास्त दाब होतो.

माझ्या गाडीचे वायसर जुनेच परत बसवले होते. एकदा दबलेलं तांबं कडक होतं, दुसऱ्यांदा नीट दबत नाही. जळगावच्या सराफ्यात काम करणाऱ्या मित्राला हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, ठोकून धातू कडक झाला की आम्ही तापवून नरम करतो, त्यात काय नवीन? काही जुने मिस्त्री वायसरही असेच लाल करून परत वापरायचे. पण नवा वायसर चहा-भज्याच्या पैशात येतो, मग कशाला तो खटाटोप?

आणि पाना लांब आहे म्हणून लोंबकळून बोल्ट पिळायचा नाही. आत भोक असलेला बोल्ट तुटतोही लवकर. गाडीच्या मॅन्युअलमध्ये टॉर्क, म्हणजे किती जोराने पिळायचं ते, दिलेला असतो, तेवढाच.

मिस्त्रीने आणखी दोन गोष्टी केल्या, त्या बघण्यासारख्या होत्या. काम चालू असताना कॅलिपर होजवर लोंबू न देता तारेने स्प्रिंगला बांधला. आणि हवा काढायचा निपल वरच्या बाजूला येतोय ना, हे आधी तपासलं. डावा कॅलिपर उजवीकडे बसला तर निपल खाली जातो, हवा वर अडकून राहते आणि पेडल कितीही मारा, स्पंजासारखंच लागतं. ब्रेक ऑइल डॉट ४ या प्रतीचं, सीलबंद डब्यातलं. उघडा पडलेला डबा हवेतली ओल शोषतो, मग ते ऑइल कमी तापमानालाच उकळतं. आमच्याकडे मे महिन्यात 45 अंश असतात, वर घाट.

वाचलो कशामुळे? ब्रेकच्या लाइनी दोन असतात. एक फुटली तरी दुसरी थोडंफार धरते. आणि हो, हँडब्रेकचा लाल दिवा घाटाच्या आधीपासून वळणावर लुकलुकत होता. ऑइल कमी झालं की तोच दिवा लागतो. मी म्हटलं, सेन्सर बिघडला असेल.

त्या गॅरेजला परत गेलो, भांडायच्याच तयारीने. तो शांतपणे म्हणाला, "दादा, तुम्हीच म्हणाले होते ना, कॅलिपर तेवढा नवा टाक, बाकी जुनं चालव." म्हणालो होतो. सीट कव्हरवर त्याच महिन्यात साडेतीन हजार घालवले होते, तेव्हा घासाघीस केली नव्हती. तरी त्याला सुनावलंच: गिऱ्हाईक काहीही म्हणो, वायसरला नाही म्हणायला शिक. तो मान हलवत होता, पटलं का ते कळलं नाही.

नवीन काम झाल्यावर गाडी सुरू ठेवून मिस्त्रीने मला मिनिटभर पेडल जोरात दाबून धरायला लावलं आणि स्वतः जोडावर कोरडा कागद फिरवला. कोराच निघाला. तरी मी रोज रात्री त्या चाकाखाली जुना पेपर अंथरतो. तीन आठवडे झाले, एक डाग नाही. काल बायको म्हणाली, "रोज अंथरताच आहात तर गाडी बाजूला घ्या, मी बिबड्या वाळत घालते."