‘पटत नसेल तर फोर्क करा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

कंपन्यांच्या पैशामुळे मुक्त स्रोत (ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड कोणीही पाहू, वापरू आणि बदलू शकतो अशा) प्रकल्पांची सूत्रे हळूहळू एकाच हाती जातात आणि स्पर्धा नावापुरती उरते, असे मी मागील लेखात लिहिले होते. त्यावर ‘एक वाचक’ या नावाने आलेली आपली प्रतिक्रिया मी एकही शब्द न वगळता ठेवली आहे. गोदाकाठी बसून सिलिकॉन व्हॅलीला शहाणपण शिकवू नये, फुकट्यांचा कैवार घेऊ नये आणि ज्याला पटत नाही त्याने सरळ फोर्क करावा, म्हणजे तोच कोड घेऊन आपला वेगळा प्रकल्प काढावा, असे आपले म्हणणे आहे. मी नाशिकच्या सिडकोत राहतो, गोदाकाठी नव्हे; पण ते असो. मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही. स्वतःचे नाव झाकून दुसऱ्याच्या गावावरून त्याची लायकी काढणे याला मात्र टीका म्हणत नाहीत.

‘फुकट्या’ हा शब्दही आपण फार सहज वापरला आहे. सातपूर आणि अंबडच्या लहान कारखान्यांचे लिनक्स सर्व्हर सांभाळून मी पोट भरतो आणि जमेल तेवढा कोड परतही करतो. एका प्रकल्पाला (नाव मुद्दाम घेत नाही) मी देवनागरीची एक दुरुस्ती पाठवली होती. डिलिव्हरी चलनाच्या पीडीएफमध्ये ‘त्र्यंबक रोड’ छापताना पहिलेच जोडाक्षर फुटत असे आणि पत्ता वाचणारा ड्रायव्हर गोंधळत असे. दुरुस्ती तपासली गेली, सर्व चाचण्या पार पडल्या आणि मग प्रकल्पामागच्या कंपनीच्या पगारी मेंटेनरने (कोणता बदल घ्यायचा हे ठरवणाऱ्याने) ‘या तिमाहीच्या आराखड्यात बसत नाही’ असा शेरा मारून ती बंद केली. गृहस्थ सभ्य होता. आराखडा त्याचा नव्हता, पगार देणाऱ्याचा होता.

आता आपला फोर्क. मुक्त स्रोत परवान्याने दिलेला फोर्कचा हक्क मी कुठेही नाकारलेला नाही. तो वापरायला काय लागते, एवढाच प्रश्न आहे. आपल्या बाजूचे सर्वांत भक्कम उदाहरण आपण दिलेच नाही, म्हणून मीच देतो. ओरॅकलने सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी विकत घेतल्यावर २०१० मध्ये तिच्या ओपनऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरमधून लिबरऑफिस वेगळे झाले आणि टिकले. पण त्याच्या पाठीशी पहिल्या दिवसापासून नोव्हेल, रेड हॅट आणि कॅनॉनिकल होत्या. मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसने मुक्त परवाना बदलला, तेव्हा त्याच महिन्यात त्याचा फोर्क व्हॅल्की उभा राहिला, तेही ॲमेझॉन, गूगल आणि ओरॅकल यांच्या बळावर. म्हणजे एका कंपनीच्या पकडीतून सुटण्यासाठी दुसऱ्या तीन कंपन्यांचे पगारपत्रक लागते. ज्याच्याकडे ते नाही, त्याच्या हाती फक्त परवान्याचा कागद राहतो.

ब्राउझरमध्ये तर हेही पुरले नाही. गूगलच्या क्रोम ब्राउझरचा पाया असलेल्या क्रोमियमचा कोड कोणीही उचलावा असा खुला आहे. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१८ मध्ये स्वतःचे इंजिन (वेबपान दाखवणारा ब्राउझरचा गाभा) सोडून तोच उचलत असल्याचे जाहीर केले. एवढी बलाढ्य कंपनी स्वतंत्र इंजिन चालवत राहिली नाही आणि आपण मला फोर्क करायला सांगता! समोर उरलेल्या, फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग, त्यात गूगल शोध आधीपासून निवडलेला ठेवण्याबद्दल, गूगलकडूनच येतो. गूगलची शोधसेवेतील मक्तेदारी अमेरिकेच्या न्यायालयाने २०२४ मध्ये बेकायदा ठरवल्यानंतर उपायांवर सुनावणी झाली, तेव्हा ही देयके थांबू नयेत अशी बाजू मोझिलालाच मांडावी लागली. प्रतिस्पर्ध्याच्या तिजोरीवर ज्याचे घर चालते, त्याच्याकडून कोणत्या स्पर्धेची अपेक्षा करायची, हे आपणच सांगावे.

लिनक्स कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, बहुतेक काम पगारी अभियंते करतात, हे मला शिकवण्याची गरज नव्हती. तेथे पैसा इंटेल, रेड हॅट, गूगल अशा अनेक कंपन्यांकडून येतो आणि कोणा एकीची मालकी चालत नाही. मूळ लेखाचा तिसरा परिच्छेद याच फरकावर होता. हार्टब्लीडचा (इंटरनेटवरील माहिती सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त कोडमधील गंभीर त्रुटीचा) उल्लेख लेखात हवा होता, हे आपले म्हणणे मात्र रास्त आहे. २०१४ मधील त्या प्रकारानंतर कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत ओपनएसएसएलसाठी एकत्रित निधी दिला आणि त्याचा उपयोगही झाला. त्याआधी त्याच कोडवर वर्षानुवर्षे धंदा करताना त्या कुठे होत्या, हे आपण लिहिलेले नाही.

रोजगार, परकीय चलन आणि माझे वय या आपल्या उरलेल्या मुद्द्यांचा विषयाशी संबंध नसल्याने त्यांना उत्तर देत नाही.