उलटी वरात

परवा चिपळूणहून मुंबईकडे निघालो असता परशुराम घाटात माझ्या 1974 सालच्या ऑटोमॅटिक गाडीच्या पंख्याचा पट्टा तुटला, तापमानाचा काटा लाल रेषेपलीकडे गेला आणि मी इंजिन बंद केले. यात गाडीचा काहीच दोष नाही, कारण तो पट्टा बदलायचे मी दोन वर्षे नुसते ठरवत होतो. दोष द्यायचाच तर स्कूटर थांबवून उतरलेल्या काकांना द्यावा लागेल.

"अ‍ॅव्हरेज काय देते?" हा त्यांचा पहिला प्रश्न. बंद पडलेल्या गाडीचा!

"सहा," मी नापासाचे गुण सांगावेत तसे सांगितले.

"लिटरला?"

मी मान हलवली. काकांनी आपल्या स्कूटरकडे अत्यंत मायेने पाहिले.

आता यांना काय सांगणार? माझ्या गाडीत इंजिनाची ताकद चाकांकडे तेलातून जाते, आणि घाट चढताना बरेचसे पेट्रोल ते तेल घुसळण्यातच खर्ची पडते. लोणी मात्र निघत नाही, निघते ती उष्णता. तेलातले हे घसरणे थांबवून इंजिन थेट चाकांशी जोडणारा क्लच पॅकार्ड या अमेरिकी मोटार कंपनीने 1949 सालीच आपल्या अल्ट्रामॅटिक गिअरबॉक्समध्ये बसवला होता. त्यानंतर पंचवीस वर्षांनी जन्मलेल्या माझ्या गाडीला तो नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

"दुसऱ्या गिअरात टाका, मी ढकलतो."

"काका, हिला क्लचचे पेडल नाही. ढकलून सुरू होत नाही."

"तुटलं?"

"मुळातच नाही."

"मग घेतलीत कशाला?"

हा प्रश्न घरी मला दर महिन्याला विचारला जातो. निदान घाटात तरी सुटका व्हावी, अशी माझी अपेक्षा होती.

तोवर काकांनी चिऱ्यांचा एक ट्रक थांबवला आणि डिकीतून सुंभ काढला. मी हात जोडून समजावले की हिच्या गिअरबॉक्समधला तेलाचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना गाडी ओढली तर न्यूट्रलमध्येसुद्धा मागची चाके आतला दांडा फिरवतात आणि त्याला वंगण मिळत नाही. थोडे अंतर, अगदी सावकाश, एक वेळ चालेल. पण ब्रेक जड झालेले असताना, उतारावर, चिऱ्यांच्या ट्रकमागे, तेही सुंभाने?

काकांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे चालताना पेट्रोल पिते आणि ओढताना तेल मागते!" असे म्हणून त्यांनी डिकीतून खोबरेलाची बाटली काढली. "घाण्याचं आहे. घाला."

मी नकार दिला, याचा त्यांना मनापासून राग आला. माझाही पीळ काही कमी नव्हता.

दोन तासांनी क्रेन आली. चालक सवयीने पुढची बाजू उचलू लागला. मी हट्टाने मागची उचलायला लावली आणि स्टेअरिंग सरळ राहावे म्हणून अखेर काकांचाच सुंभ मागून घेऊन बांधले. परिणामी माझी गाडी घाटातून उलटी उतरली, मागून येणाऱ्या प्रत्येकाकडे तोंड करून, आणि सर्वांत पुढे स्कूटरवर काका होते. मी क्रेनच्या आरशातून ही वरात पाहत होतो.

बहादूरशेख नाक्यावर काकांनी स्कूटर केबिनशेजारी आणली.

"आता मात्र अ‍ॅव्हरेज चांगलं देतेय!"

क्रेनचालक इतका हसला की त्याने ठरलेल्या भाड्यात थोडी सूट द्यायला हवी होती. दिली नाही. उलट, काकांना त्यांचा सुंभ तिथल्या तिथे परत हवा होता, तो सोडवण्यात गेलेल्या वीस मिनिटांचे थांबण्याचे पैसे त्याने वेगळे लावले.