पानठेल्यावर रॉचा इतिहास कसा सांगावा

अख्खा जन्म नागपुरात काढला आणि अजून तुम्हाला रॉचा, म्हणजे देशाबाहेर हेरगिरी करणाऱ्या आपल्या खात्याचा, इतिहास सांगता येत नाही? मग इतकी वर्षं ठेल्यावर उभं राहून केलंत काय, नुसता खर्रा घोटला? असो, लाजू नका. विषय सोपा आहे. ज्या विषयाचे कागद सरकारने कुलपात ठेवलेत, त्यावर बोलण्याइतकं निर्धास्त काम दुसरं नाही. कापसाच्या भावावर बोलायला जाल तर गर्दीतून एखादा कास्तकार पुढे येतो आणि तुमचं तोंड बंद करतो. इथे तो धोका नाही.

पहिलं पथ्य असं, की वाचायचं नाही. वाचलं की तारखा आडव्या येतात आणि गोष्टीचा रंग उडतो. अगदीच राहवत नसेल तर 21 सप्टेंबर 1968 एवढी एक तारीख खिशात ठेवा. 1962 ला चीनने गाफील गाठलं, 1965 ला पाकिस्तानच्या तयारीचा नीट अंदाज आला नाही, म्हणून देशाबाहेरच्या हेरगिरीचं काम इंटेलिजन्स ब्युरोकडून काढून नव्या खात्याकडे द्यायचं इंदिरा गांधींनी ठरवलं आणि त्या दिवशी रॉ जन्माला आली. प्रमुख रामेश्वरनाथ काव. सुरुवातीला माणसं अडीचशेच्या आसपास होती, असं सांगतात. हा आकडा मात्र चारचौघांत उच्चारू नका. एवढी माणसं आपल्याकडे मंडळाच्या महाप्रसादाला वाढायलाच लागतात, लोक हसतील. ‘लाखभर’ म्हणा. कोण मोजायला बसलंय?

सुरुवात बहिर्जी नाईकांपासून करायची आणि एका दमात 1968 वर यायचं. मधली तीनशे वर्षं गिळून टाका. ती कोणी उकरली तर पंचाईत होते, कारण त्यातली बरीचशी हेरगिरी आपण केली खरी, पण इंग्रजांसाठी.

नागपुरातल्या झिरो माइलच्या दगडी खांबापाशी जाऊन घोड्यांसमोर सेल्फी काढलीच असेल तुम्ही. देश मोजून नकाशे काढणाऱ्या इंग्रजांच्या ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी तो खांब जोडला जातो, त्याच सर्वेक्षणाने 1865 साली कुमाऊंच्या नैनसिंग रावतांना तिबेटात धाडलं. वेष यात्रेकरूचा, हातात माळ. खऱ्या माळेत मणी 108. यांच्या माळेत 100. मोजून शंभर पावलं टाकली की एक मणी सरकवायचा, माळ पुरी झाली की दहा हजार पावलं, म्हणजे साधारण पाच मैल. नोंदींचे कागद जपाच्या चक्रात मंत्राच्या जागी गुंडाळलेले. चहाला पाणी उकळायचं आणि हळूच त्यात थर्मामीटर बुडवून उंची काढायची. असं चालत चालत या माणसाने ल्हासा नकाशावर नेमकं कुठे मांडायचं ते ठरवून दिलं, आणि पुढे 1877 साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं. आता हे ठेल्यावर सांगून बघा. ना गोळीबार, ना बाई, ना मोटारींचा पाठलाग. “मंग का झालं?” असं पहिलंच पोट्टं विचारेल. म्हणून म्हणतो, गिळून टाका.

इंटेलिजन्स ब्युरोचं मूळ तर त्याहून अडचणीचं. 1887 साली, म्हणजे आपली एम्प्रेस मिल सुरू होऊन दहा वर्षं झाली तेव्हा, इंग्रजांनी सेंट्रल स्पेशल ब्रँच काढली. तिचं बिऱ्हाड ठगी आणि दरोडे निर्मूलन खात्यात. तोवर ठग संपत आले होते, पण सभा-संमेलनं भरवणारे सुशिक्षित लोक वाढत होते, आणि साहेबाला त्यांचीच काळजी जास्त. 1947 ला ज्यांच्या फायली होत्या ते मंत्री झाले, आणि फायली ठेवणारं खातं त्यांच्याच हाताखाली आलं. संजीवी पिल्ले हे ब्युरोचे पहिले भारतीय संचालक. घर तेच, दफ्तर तेच, सवयी कुठल्या असणार? आता मिल जाऊन तिथे मॉल उभा राहिला, पण ब्युरो जागेवर आहे, आणि त्यासाठी संसदेने केलेला स्वतंत्र कायदा आजही नाही. रॉसाठीही नाही. 2011 मध्ये खासदार मनीष तिवारींनी त्यासाठी खासगी विधेयक आणून बघितलं, ते तसंच विरलं. तुमच्या ठेल्यावाल्याला मात्र महापालिकेचा परवाना लागतो, हे त्याच्यासमोर काढू नका. आधीच अतिक्रमणवाल्या गाडीमुळे तो चिडलेला असतो.

आता रंगत आणायची वेळ. नंदादेवी काढा. 1964 ला चीनने अणुस्फोट केला, तेव्हा अमेरिकेची सीआयए आणि आपला ब्युरो यांनी मिळून ठरवलं की चीनच्या चाचण्यांवर कान ठेवणारं यंत्र हिमालयाच्या शिखरावर बसवायचं. त्याला वीज पुरवणार प्लुटोनियमवर चालणारा जनित्र-संच. ऑक्टोबर 1965 ला कॅप्टन मनमोहनसिंग कोहलींची तुकडी सामान पाठीवर घेऊन नंदादेवीवर चढली. शिखर जवळ आलं आणि वादळ आलं. सामान तिथेच कपारीत बांधून ठेवून माणसं खाली उतरली. पुढच्या हंगामात वर जाऊन बघतात तर कपार रिकामी! प्लुटोनियमसकट सगळं गायब, ते अजून सापडलेलं नाही. देशाला हे कळलं 1978 मध्ये, तेही आधी एका अमेरिकन मासिकाने छापलं म्हणून; मग मोरारजी देसाईंनी संसदेत कबुली दिली. गोष्ट खरी आहे, एवढाच तिच्यात दोष. खऱ्या गोष्टीला शेवट नसतो, म्हणून शेवट तुम्ही जोडा: “यंत्र आपल्याच लोकांनी काढून आणलं, भाऊ. कुठं ठेवलं ते माहीत आहे मला, पण बोलता येत नाही.” हे म्हणताना फुटाळा तलावाच्या दिशेने नुसतं बघायचं.

कहुट्याच्या न्हाव्याची गोष्टही हमखास चालते. पाकिस्तानच्या अणुकेंद्रातले शास्त्रज्ञ जिथे केस कापायचे, तिथले केस आपल्या माणसाने गोळा केले आणि तपासणीत युरेनियम निघालं, असं सांगितलं जातं. तिचा सरकारी कागद कोणी दाखवलेला नाही, त्यामुळे तिला कोणी हातही लावू शकत नाही. पाच वर्षांत ती इतवारीच्या सलूनपर्यंत आणून सोडायची जबाबदारी तुमची.

अपयशांचं काय, असं एखादा शहाणा विचारेल. कारगिल म्हणेल. 1999 नंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने गुप्तवार्तेतल्या त्रुटींवर बोट ठेवलं, अहवाल 2000 साली संसदेत आला, पण त्यातला मजकूर जागोजागी गाळून. तुम्ही गाळलेला भाग तोंडपाठ असल्याचं सांगा. तिकडे ब्रिटनच्या एमआय-5 या गुप्तचर खात्याने शंभरी भरल्यावर, 2009 मध्ये, एका इतिहासकाराला दफ्तर उघडून देऊन अधिकृत इतिहास छापून घेतला. किती हा नतद्रष्टपणा! त्यांच्या ठेल्यांवर आता माणसं बोलत तरी काय असतील?

आपल्या सरकारला तुमची कदर आहे. ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनी तुमच्या धंद्यात पडू नये म्हणून 2021 मध्ये पेन्शनचे नियम बदलले. गुप्तचर खात्यांतून निवृत्त झालेल्याने कामाशी संबंधित काही छापायचं तर आधी परवानगी घ्यायची, नाहीतर पेन्शनवर गदा. तुमची पेन्शन सिंचन खात्याची. तुम्ही खुशाल बोला.

इतकं करूनही एखादा पुरावा मागत बसला, तर त्याच्या खर्चाने दिल्लीला माहिती अधिकाराचा अर्ज टाका. फी दहा रुपये. भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कांचा भंग सोडून काहीही विचारा, उदाहरणार्थ ‘नंदादेवीचं यंत्र फुटाळ्यात आहे हे खरं काय?’ कायद्याच्या कलम 24 प्रमाणे या संस्थांना हा कायदा लागू नाही, असं छापील उत्तर येईल. सही, तारीख, जावक क्रमांक, सगळं असेल. त्याला लॅमिनेशन करा आणि सुपारीच्या बरणीमागे टांगा. नाही म्हणालेत का ते? नाही. मग झालं तर.