तासाभरात स्टेम सेल तयार होत नाहीत

खानापूरपासून निपाणीपर्यंत एक मेसेज फिरतोय. आता आमच्या आत्यानंही तो घरच्या ग्रुपवर टाकून ‘नंबर लावू का?’ असं विचारलंय, म्हणून हे लिहिणं भाग आहे. मेसेज म्हणतो: नोबेल मिळालेल्या जपानी डॉ. यामानाकांचं स्टेम सेलचं इंजेक्शन आपल्या भागात आलंय, पेशी तुमच्याच, त्यामुळं अपाय शून्य, तासाभरात घरी, गुडघे, साखर, लकवा, ऑटिझम सगळं बरं, शिवाय सरकारमान्य. (स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून शरीराच्या इतर पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी.)

शिन्या यामानाका सुरुवातीला हाडांचे डॉक्टर होते, एवढं खरं. पुढं ते संशोधनात गेले. २००६ साली त्यांनी उंदराच्या साध्या पेशींत चार जनुकं घालून त्या भ्रूणातल्या स्टेम सेलसारख्या करून दाखवल्या, २००७ साली माणसाच्या. २०१२ चं नोबेल त्यासाठी, तेही जॉन गर्डन यांच्यासोबत. गुडघ्यात टोचायचं इंजेक्शन त्यांनी शोधलेलं नाही.

आता ते ‘तासाभरात’. कमरेच्या हाडातून बोन मॅरो, म्हणजे हाडाच्या आतला मऊ गर, काढला, तर त्यात कामाच्या स्टेम सेल दहा हजार पेशींमागे एकसुद्धा नसतात. त्या प्लॅस्टिकच्या फ्लास्कमध्ये, ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवाव्या लागतात. दोन-तीन दिवसांनी मीडिया, म्हणजे पेशींना पोसणारं द्रव, बदलायचा. फ्लास्कचा तळ ७०-८० टक्के भरला की ट्रिप्सिन नावाच्या एन्झाइमनं तळाला चिकटलेल्या पेशी सोडवून नव्या फ्लास्कमध्ये घालायच्या. उशीर झाला तर दाटीनं त्यांचा दर्जा बिघडतो. यात आठवडे जातात. मग जंतू, मायकोप्लाझ्मा (अगदी बारीक जिवाणू), एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) आणि गुणसूत्रं तपासायची. हातातून रक्त घेऊन, सेंट्रिफ्यूज या गरगर फिरणाऱ्या यंत्रात दहा-पंधरा मिनिटं फिरवून जे गुडघ्यात टोचतात ते पीआरपी, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स जास्त असलेला रक्ताचा भाग. त्याला स्टेम सेल म्हणून विकणं ही सरळ फसवणूक आहे.

‘पेशी स्वतःच्या म्हणून अपाय नाही’ हे तर सगळ्यात घातक. २०१७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात फ्लोरिडातल्या तीन बायकांची हकिगत आली. तिघींच्या पोटाची चरबी काढून, त्यातल्या पेशी त्याच दिवशी दोन्ही डोळ्यांत टोचल्या. पेशी त्यांच्याच होत्या. तिघींची नजर गेली किंवा जवळपास गेली, आणि त्यासाठी प्रत्येकीनं पाच हजार डॉलर मोजले होते. पेशी कोणाची यापेक्षा ती कुठं टोचली, तिथं जाऊन काय करते आणि बाटलीत जंतू होते का, हे महत्त्वाचं.

‘सरकारमान्य’मध्ये अर्धं सत्य आहे, मान्य करावं लागतं. बेंगळूरच्या स्टेमप्यूटिक्स कंपनीच्या गुडघ्यासाठीच्या उत्पादनाला २०२२ साली केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. पण त्या पेशी रुग्णाच्या नव्हेत, निरोगी दात्यांच्या. प्रयोगशाळेत वाढवून तपासलेल्या. एका डोसात अडीच कोटी. मेसेजातल्या इंजेक्शनशी त्याचा काही संबंध नाही.

साखर, लकवा, ऑटिझम यांवर जास्त बोलायची गरजच नाही. यांपैकी एकाही आजारावर भारतात असं इंजेक्शन मंजूर नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या आजारांतलं बोन मॅरो प्रत्यारोपण आणि मंजूर झालेली उत्पादनं सोडली, तर स्टेम सेलचा बाकी वापर म्हणजे संशोधन, आणि संशोधनात रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा ऊसबिलाला हात घालण्याआधी किंवा सोसायटीत सोनं ठेवण्याआधी एवढंच विचारा: चाचणीचा सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक द्या. ही नोंदवही नेटवर सगळ्यांना खुली आहे. क्रमांक नसेल, किंवा क्रमांक देऊनही पैसे मागत असतील, तर तिथं हात पुढं करू नका.