आमच्या मार्कंडा सहलीला मिळालेल्या एका ताऱ्याबद्दल

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंडा देवळांची सहल आवडली नाही, वरण गार मिळालं, मुलाला आमचा गाईड चढ्या आवाजात बोलला, याबद्दल माफी मागतो. त्याला समज दिली आहे. (मुलगा दगडी नंदीवर बसला होता, एवढंच सांगतो. देऊळ संरक्षित स्मारक आहे.)

पण "दहा तास गाडीत आणि जेमतेम दीड तास देवळात, १,८५० रुपये पाण्यात" हे जे लिहिलं, ते मनाला लागलं. आमची एकच टेम्पो ट्रॅव्हलर आहे. हिवाळ्यातले शनिवार-रविवार, तोच आमचा सीझन. असं वाचून कोण फोन करेल?

म्हणून वेळेचा हिशोब मांडतो. नागपूरच्या मेडिकल चौकातून निघायचं होतं ५:३० ला, तसा मेसेज आदल्या रात्री सगळ्यांना गेला होता. तुम्ही आलात ६:२५ ला. बाकीचे सात जण थंडीत गाडीत बसून वाट पाहून राहिले होते. कोणी काही बोललं नाही, मीही नाही. उमरेडला तर्री-पोह्यांसाठी २० मिनिटं ठरली होती, लागली ४५. नागभीडला मेडिकल शोधण्यात आणखी २० गेली. ते समजू शकतो, लेकराची तब्येत आधी. पण १०:३० ला पोहोचायचे ते आपण १२:१० ला पोहोचलो. सगळ्यांना भूक लागली म्हणून आधी जेवण. गावातल्या मावशींनी ११ ला स्वयंपाक तयार ठेवला होता, चुलीवरचं वरण किती वेळ गरम राहणार? देवळात शिरायलाच १:१० झाले. परत निघायची वेळ २:३० होती, आपण २:४० ला निघालो. ती दहा मिनिटं आम्हीच वाढवून दिली, ते मात्र लिहायचं राहिलं.

"अजून तासभर थांबले असते तर काय बिघडलं असतं?" असंही तुम्ही विचारलंय. डिसेंबरात सहाच्या आत अंधार पडतो. भिवापूर-उमरेडकडे येताना जंगलपट्टा लागतो, रस्त्यावर रानडुक्कर, नीलगाय कधी आडवी येईल सांगता येत नाही. आणि ड्रायव्हर पहाटे चारचा उठलेला. गाडीत तुमचंच लेकरू होतं.

"पडकं देऊळ दाखवलं" याबद्दल काय बोलू! वीज पडून मुख्य देवळाचं शिखर कोसळलं, ते कैक पिढ्यांपूर्वी. जीर्णोद्धाराच्या कामामुळे काही भागात जाता येत नाही, ते आमच्या हातात नाही. पण भिंतींवर मूर्तींच्या रांगाच रांगा आहेत, आवारात मृकंडेश्वर, यमधर्म अशी लहानमोठी देवळं आहेत. तीन तास असते तर एकेक करून दाखवली असती. जाहिरातीत "विदर्भाचं खजुराहो" लिहितो, सगळेच लिहितात, त्यामुळे अपेक्षा वाढत असेल तर तो शब्द काढायचा विचार करू. फोटोही बदलू.

गाईडला "काही माहिती नाही" म्हणालात, ते पटलं नाही. आपल्याकडे जुनं दगडी देऊळ दिसलं की हेमाडपंती म्हणायची सवय आहे, तुमचे मिस्टरही तेच म्हणत होते. हेमाडपंत देवगिरीच्या यादवांचे मंत्री, १३ व्या शतकातले. मार्कंड्याची मुख्य देवळं त्याच्या आधीची मानतात. हे हेमाडपंती नाही, असं आमचा गाईड पोरगा बरोबर सांगत होता, फक्त जरा तावातावाने सांगितलं.

पुढच्या सहलीपासून वेळेचं काहीतरी पक्कं करू, जेवणाचंही पाहतो.

तुमच्या सासऱ्यांना नमस्कार सांगा. गुडघ्यामुळे ते घाटावरच बसले होते. वैनगंगा इथे उत्तरेकडे वाहते असं सांगितलं तर विश्वास बसेना, म्हणून बेलाचं पान पाण्यात सोडून ते कुठे जातं हे बराच वेळ पाहत राहिले. निघताना ड्रायव्हरला म्हणाले, पुन्हा आणशील का? त्यांची सीट आमच्याकडून, पैसे नकोत. फक्त ५:३० ला, मेडिकल चौक.