विदर्भकन्येचा वर

विदर्भातल्या मुलींनी न पाहिलेल्या पुरुषावर भाळावे, ही इथली फार जुनी वहिवाट आहे. दमयंतीने नळाला पाहिलेले नव्हते. एका हंसाने येऊन त्याचे वर्णन केले आणि राजकन्येचे अन्नपाण्यावरचे मन उडाले. रुक्मिणीने तर घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडून द्वारकेच्या कृष्णाचे गुण ऐकले आणि तेवढ्या ऐकीव माहितीवर ब्राह्मणाच्या हाती सात श्लोकांचे पत्र धाडून ती मोकळी झाली. तिचे माहेर कौंडण्यपूर आमच्याच अमरावती जिल्ह्यात, वर्धा नदीच्या काठी आहे. तेव्हा लहानपणी मी पुस्तकातल्या आणि पडद्यावरच्या माणसांवर जीव टाकला असेल, तर तो दोष माझा नसून मातीचा आहे. फरक एवढाच, की त्या दोघींची माणसे अखेरीस प्रत्यक्ष समोर येऊन उभी राहिली.

माझा पहिला मानकरी बनेश फेणे, म्हणजे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. मूळचा फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात, आणि सदा सायकलवर. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पुस्तकांच्या पेटीतून तो माझ्या हाती लागला आणि मी त्याचा तो सुप्रसिद्ध ‘ट्टॉक’ जिभेने काढण्याचा सराव सुरू केला. आमच्याकडे हा आवाज बैल हाकताना काढतात. त्यामुळे आजी दर वेळी दारात येऊन अंगणात कोणाची जोडी शिरली ते पाहायची आणि रिकामे अंगण पाहून परत जायची. या प्रेमाचा शेवट मृग नक्षत्राने केला. पाऊस पडला की आमच्या पांदणीतली काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी गच्च भरते की सायकल जागची हलत नाही. काडीने चिखल कोरून काढायचा, दहा पावले जायचे, पुन्हा कोरायचा, आणि शेवटी सायकल खांद्यावर घेऊन घरी यायचे. इथे चोराचा पाठलाग कसा व्हायचा? मी त्याला मनातल्या मनात पुण्यातच राहू दिले.

त्यानंतर 1988 साली दूरदर्शनवर ‘महाभारत’ सुरू झाले आणि मी कर्णावर भाळले. बाकीच्या मुली नितीश भारद्वाजांच्या कृष्णावर भाळल्या होत्या, पण त्यात त्यांच्या आयाही चपला बाहेर काढून, हात जोडून सामील असल्यामुळे मला ते प्रकरण सार्वजनिक वाटायचे. पंकज धीर यांचा कर्ण मात्र माझ्या एकटीचा होता. अडचण विजेची होती. रविवारी सकाळी नेमकी लाइन जायची आणि मग ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडली जायची. ती बॅटरी उतरू लागली की चित्र चारी बाजूंनी आत सरकायचे. हस्तिनापूरची सभा आक्रसत जायची, कडेचे कौरव काळोखात गडप व्हायचे आणि माझा सूर्यपुत्र पोस्टकार्डाएवढ्या चौकोनात उभा राहून अपमान गिळायचा. कोणीतरी ओरडायचे, “बंद करा बाप्पा, उद्या नांगरटीले ट्रॅक्टर लागते!” माझ्या प्रेमात एवढा अडथळा शकुनीनेही आणला नसता.

म्हणून मी ‘मृत्युंजय’ धरले. शिवाजी सावंतांची ही कादंबरी 1967 सालची. आमच्या वाचनालयातली प्रत बहुधा तेव्हापासूनच वाचली जात असावी, कारण तिची पाने शिवणीतून सुटून स्वतंत्रपणे हिंडू लागली होती. पुस्तकाला वीज लागत नाही, हे सुख मोठे होते. पण या कादंबरीत कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, शोण, कृष्ण हेही आपापली बाजू सांगतात, आणि त्यांच्या जोडीला वृषालीही बोलते. वृषाली म्हणजे त्याची बायको. आपल्या माणसाच्या संसाराची हकिकत त्याच्या बायकोच्या तोंडून, तीही इतक्या सुरेख मराठीत, कंदिलाच्या उजेडात वाचावी लागणे, ही शिक्षा मी वैऱ्यालाही देणार नाही. कुंतीचे दुःख मी सहन केले, वृषालीचे सुख मला झेपले नाही. तिचा भाग मी चक्क ओलांडून पुढे गेले. “काहून वं पोरी, कापूस वेचाले चाल म्हटलं तं रडून रायली?” असे आईने विचारले, तेव्हा खरे कारण सांगण्याची सोय नव्हती.

पुढे मला स्थळे येऊ लागली. आजीने एकनाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ हाती दिले, कारण ते वाचले की मनासारखा वर मिळतो अशी पक्की श्रद्धा आहे. मी अठराही प्रसंग भक्तिभावाने वाचले, फक्त वर म्हणून डोळ्यांसमोर भलताच माणूस ठेवला. एकदा चहा-पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले, तर समोरच्या मुलाच्या कानात बाळी! माझ्या हातातले कप वाजू लागले. पण चौकशीअंती ती बाळी नवसाची निघाली. दुसऱ्या एका घरच्यांनी मोटारसायकलीपासून सुरू होणारी यादी पुढे केली. माझ्या माणसाने मागणाऱ्याला अंगावरची कवचकुंडले सोलून दिली होती, आणि इथे मागणाराच नवरदेव! त्या घराला मी बाबांच्या आधी नकार दिला.

लग्न झाले ते कास्तकाराशी, आणि बरे झाले. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, ‘महाभारत’ पुन्हा दाखवू लागले, आणि मी ते रंगीत, अखंड विजेवर, पूर्ण आकारात पाहिले. कर्णाच्या रथाचे चाक रुतले तेव्हा माझा घसा दाटून आला. मालकांनी तुरीच्या शेंगा सोलणे थांबवून पडद्याकडे नीट पाहिले.

“ओल्या वावरात गाडी घातलीच काहून यानं?” ते म्हणाले. “अन् घातली तं घातली, चाकाखाली दोन पेंड्या पऱ्हाट्या टाकल्या असत्या तं निंगालं असतं.”

सासूबाईंनी मान डोलावली. सल्ला बिनचूक होता, हे मलाही नाकारता येईना. त्यावर कुरुक्षेत्रात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, कुठून मिळणार, असे मी विचारले. तेव्हा हरियाणात कापूस होतो, पण तो हिसार-सिरसाकडे, कुरुक्षेत्राकडे धान आणि गहू, अशी माहिती मिळाली, आणि धानाचे तणस चाकाखाली चालेल की घसरेल यावर जेवणे होईपर्यंत वाद चालला. तोवर अर्जुनाने बाण सोडलेला होता.