मिक्सर, जीडीपी आणि ‘शाश्वत’ हा सोयीचा शब्द

गेल्या आठवड्यात घरातला १४ वर्षांचा मिक्सर धूर सोडून बंद पडला. दुरुस्तीवाल्या काकांनी तो उघडून आर्मेचरची, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागाची, काळवंडलेली तार दाखवली आणि म्हणाले, “नवी तार गुंडाळून, रिवाइंडिंग करून देतो, पण थोडी भर घातलीत तर नवाच येईल.”

देशात बनलेला नवा घेतला तर त्याची जवळजवळ पूर्ण किंमत जीडीपीत, म्हणजे देशाच्या एकूण उत्पादनाच्या हिशेबात, जमा होते. जुना आणखी पाच वर्षे चालला तर जमेच्या बाजूला जवळजवळ काहीच पडत नाही. राष्ट्रीय उत्पन्नावरून देशाचे कल्याण ठरवता येत नाही, हे ते मोजणाऱ्या अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ मध्ये बजावले होते.

पर्यावरण सांभाळूनही वाढ चालू ठेवता येते असे मानणारे शाश्वत विकासवाले मला कमी वीज खाणारा नवा मिक्सर घ्यायला सांगतील. पण वाफेची इंजिने कमी कोळशात चालू लागल्यावर ब्रिटनमधला कोळशाचा खप घटण्याऐवजी वाढला, हे इंग्लिश अर्थतज्ज्ञ जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच दाखवून दिले होते. म्हणूनच डीग्रोथ, म्हणजे ठरवून वाढ आवरती घेणे, हा विचार मला पटू लागतो. आणि मग कोरोनाच्या टाळेबंदीचे २०२० आठवते. त्या एप्रिल ते जूनमध्ये भारताचा जीडीपी सुमारे २४ टक्क्यांनी आक्रसला आणि मजूर महामार्गांवरून पायी गावी निघाले. ती मंदी होती, डीग्रोथ नव्हे, असे समर्थक सांगतात, आणि ते खरेही आहे. पण कर्जाचे हप्ते, पगार आणि सरकारचा महसूल हे सारेच उद्याच्या वाढीच्या भरवशावर बेतलेले असताना, ठरवून घेतलेला ब्रेक तरी कोणाच्या अंगावर येणार? बरे, एवढे होऊनही त्या वर्षी जगाचे कार्बन उत्सर्जन सुमारे ५ टक्केच घटले.

शिवाय आवरते कोणी घ्यायचे? माणशी वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या अमेरिकेने, की २ टनांच्या आसपास असलेल्या भारताने? (त्या २ टनांच्या सरासरीतही पुण्यातले तीन गाड्यांचे घर मेळघाटातल्या झोपडीआड लपते, ही आपली चलाखी.)

माझ्या मते सुरुवात वस्तूंच्या आयुष्यापासून व्हावी. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर त्या किती दुरुस्त होऊ शकतात याचे १० पैकी गुण दाखवणे बंधनकारक केले. आपल्याकडे वीजबचतीचे तारे छापतात. हे गुणही छापावेत, आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील तेही.

मिक्सर रिवाइंडिंगला टाकला आहे. काकांनी चार दिवस मागितले आहेत. त्यांच्या हाताखाली हे काम शिकलेला मुलगा आता वडापावची गाडी लावतो.